प्रश्न विचारणारा मास्तर

शनिवारी दुपारी सेमिनार हॉलमध्ये गेस्ट लेक्चर ठेवलं की हॉस्टेलवर काय बोंबाबोंब होते, हे कोणाला वेगळं सांगायला नको. घरी जाणाऱ्यांची एस.टी. चुकते, बाकीच्यांची झोप बुडते आणि अटेंडन्स कम्पल्सरी असल्यामुळे पळवाटही राहत नाही. मग पाहुण्यांची ओळख, पुष्पगुच्छ, लेक्चर, स्लाइड्स. शेवटी निवेदन करणारी मुलगी माईकवरून विचारते की कोणाला काही शंका आहेत का. हॉलमध्ये शांतता. फक्त पंख्यांची घरघर. मागे कोणीतरी खोकतं. मग आभारप्रदर्शन, चहा-बिस्किटं आणि सुटका.

मागच्या वर्षी अशाच एका लेक्चरला मी चौथ्या रांगेत बसलो होतो. विषय होता सुपरकंडक्टिव्हिटी. पाहुण्या सरांनी सांगितलं की पारा भयंकर थंड केला की एका ठरावीक तापमानाला त्याचा रेझिस्टन्स एकदम शून्य होतो. माझ्या डोक्यात आलं, शून्य म्हणजे खरोखरच शून्य, की आपल्या मीटरला दिसणार नाही इतका कमी? विचारावं म्हणून हात अर्धा वर गेला. तेवढ्यात वाटलं, सगळे हसतील, थर्ड इयरला येऊन याला एवढंही कळत नाही म्हणतील. वर गेलेला हात मी तसाच केसांतून फिरवला आणि खाली घेतला. रात्री रूमवर पार्टनरला हे सांगितलं, तर पठ्ठ्या म्हणाला की त्यालाही अगदी हेच विचारायचं होतं!

दुसऱ्या आठवड्यात लायब्ररीत गेलो. मागच्या रॅकवरचं, वर्षानुवर्षं कोणी इश्यू न केलेलं फिजिक्सच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात 1911 साली कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत सुपरकंडक्टिव्हिटीचा शोध लागला. रेझिस्टन्स खरंच शून्य आहे का, हा प्रश्न तेव्हा त्यांनाही पडला होता. मग 1914 साली ओनेस यांनी शिशाच्या तारेचं बंद वेटोळं द्रवरूप हेलियममध्ये ठेवलं, त्यात करंट सुरू केला आणि बाहेरून पुरवठा बंद करून टाकला. जराही रेझिस्टन्स असता तर करंट बघता बघता विझला असता. पण जवळ ठेवलेली होकायंत्राची सुई तासन्‌तास वळलेलीच राहिली. म्हणजे माझा प्रश्न बावळट नव्हता राव! त्यावर एक अख्खा प्रयोग झाला होता.

हा प्रयोग पाहून थक्क झालेल्या आणि त्याबद्दल पत्र लिहिणाऱ्या एका प्रोफेसरचं नाव त्याच पानावर होतं, पॉल एरनफेस्ट. नाव ओळखीचं वाटलं, पण आठवेना. चार-पाच पानं उलटली तर आइनस्टाइन आणि नील्स बोर यांचा तो प्रसिद्ध फोटो. एका घरात दोघे खुर्च्यांत बसलेत, आपापल्या विचारांत गढलेले. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की फोटो 1925 सालचा, घर एरनफेस्ट यांचं आणि फोटो काढणाराही एरनफेस्टच. तेव्हापासून हा कॅमेऱ्यामागचा माणूस माझ्या मागे लागला. आपल्या गेस्ट लेक्चरला काय होत नाही, ते त्याच्या आयुष्यात मला दिसलं. म्हणून हा लेख.

किराणा दुकानदाराचा मुलगा

पॉलचा जन्म 18 जानेवारी 1880 चा, वियेनामधला. ज्यू कुटुंब, वडिलांचं किराणा मालाचं दुकान, पाच भावांत हा धाकटा. दहा वर्षांचा असताना आई गेली, सोळाव्या वर्षी वडीलही गेले. 1899 साली त्याने वियेनाच्या तंत्रशाळेत नाव घातलं, म्हणजे आपल्यासारखाच टेक्निकल कॉलेजचा विद्यार्थी, आणि विषय होता केमिस्ट्री. पण गावातल्या विद्यापीठात लुडविग बोल्ट्झमान शिकवत होते. एन्ट्रॉपीच्या फॉर्म्युल्यामुळे ज्यांचं नाव आपण थर्मोच्या पेपरपुरतं पाठ करतो, तेच हे. पॉल आपलं कॉलेज सोडून त्यांच्या लेक्चरला जाऊन बसू लागला आणि त्या लेक्चर्सनी त्याची लाइनच बदलली.

1901 साली तो जर्मनीत ग्योटिंगेनला गेला. तिथे त्याला तात्याना अफानास्येवा ही गणिताची रशियन विद्यार्थिनी भेटली. हुशार मुलगी, पण गणित मंडळाच्या बैठकांना कधी दिसायची नाही. का येत नाही, असं पॉलने विचारलं. उत्तर मिळालं की स्त्रियांना प्रवेश नाही, नियमच आहे. यावर बाकीचे गप्प बसले असते. पॉल भांडला आणि नियम बदलून घेतला. मला वाटतं हा माणूस इथेच कळतो.

1904 साली बोल्ट्झमान यांच्या हाताखाली त्याची डॉक्टरेट झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने तात्यानाशी लग्न केलं. तो ज्यू, ती ख्रिश्चन. तिथल्या कायद्याने असं लग्न होत नसे, म्हणून दोघांनी आपण कोणत्याच धर्माचे नाही असं सरकारदरबारी लिहून दिलं. ही एक सही पुढे महागात पडणार होती.

1906 च्या सप्टेंबरमध्ये बोल्ट्झमान यांनी आत्महत्या केली. ज्या माणसामुळे एरनफेस्ट फिजिक्समध्ये आले, त्याचा मृत्युलेख त्यांना वयाच्या सव्विसाव्या वर्षी लिहावा लागला. गुरूचं अर्धवट राहिलेलं कामही त्यांच्याकडे आलं. फेलिक्स क्लाइन यांच्या सांगण्यावरून नवरा-बायकोने मिळून स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सच्या पायावर एक मोठा लेख लिहिला. तो 1911 साली प्रसिद्ध झाला आणि अजूनही वाचला जातो.

त्याआधी 1907 साली दोघांनी एक गंमतशीर मॉडेल मांडलं होतं. दोन कुत्रे शेजारी शेजारी उभे आहेत, एकाच्या अंगावर सगळ्या पिसवा, दुसरा स्वच्छ. प्रत्येक पिसवेला नंबर दिलेला. डोळे मिटून चिठ्ठी काढायची, ज्या पिसवेचा नंबर निघेल तिने दुसऱ्या कुत्र्यावर उडी मारायची. थोड्या वेळाने पिसवा दोन्हीकडे जवळपास निम्म्या निम्म्या होतात आणि मग तिथेच आसपास राहतात. उडी कुठल्याही बाजूला पडू शकते, तरी सगळ्या पिसवा पुन्हा एकाच कुत्र्यावर जमलेल्या दिसत नाहीत. तसं होणं अशक्य नाही, पण त्याची शक्यता भयानक कमी. एन्ट्रॉपी का वाढते यावर आमच्या सेमिस्टरला दोन तास खर्च झाले होते. मला ती समजली या कुत्र्यांमुळे.

नोकरी नाही, पण सेमिनार आहे

1907 ते 1912 एरनफेस्ट तात्यानाच्या गावी, सेंट पीटर्सबर्गला राहिले. पाच वर्षं कायमची नोकरी नाही. परदेशी माणूस, त्यातून ज्यू. या काळात त्यांनी काय केलं? घरीच फिजिक्सचा सेमिनार सुरू केला! तरुण मंडळी जमायची, नवे पेपर वाचायची, वाद घालायची. कॅम्पस इंटरव्ह्यूला दोनदा नाव आलं नाही तर आपण आठवडाभर तोंड पाडून बसतो, त्या तुलनेत हे बघा.

1912 च्या सुरुवातीला नोकरीच्या शोधात त्यांनी जर्मन भाषिक विद्यापीठांचा दौरा केला. प्रागला आइनस्टाइन स्टेशनवर घ्यायला आले. दोघांची ही पहिलीच भेट, पण थोड्याच वेळात जुने दोस्त असल्यासारखी चर्चा रंगली. मग एकाचं व्हायोलिन आणि दुसऱ्याचा पियानो. आइनस्टाइन प्राग सोडणार होते आणि आपल्या जागी एरनफेस्ट यावेत अशी त्यांची इच्छा होती. पण त्या नोकरीसाठी कुठला तरी धर्म लिहून देणं भाग होतं. नावापुरतं काहीतरी लिहा, असं कोणीही सुचवलं असतं. एरनफेस्टनी लिहिलं नाही आणि हातातोंडाशी आलेली नोकरी गेली.

त्याच वर्षी लायडनचे हेंड्रिक लॉरेंट्झ निवृत्त होत होते. लॉरेंट्झ फोर्सवाले तेच लॉरेंट्झ, त्या काळातले फिजिक्सचे भीष्माचार्य. आपली खुर्ची त्यांनी या बेकार माणसाला दिली. ऑक्टोबर 1912 मध्ये एरनफेस्ट लायडनला आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

बुधवार संध्याकाळ

आता मुख्य गोष्ट. लायडनला आल्यावर एरनफेस्टनी दर बुधवारी संध्याकाळी विभागाचा कलोक्वियम सुरू केला. बाहेरचा पाहुणा किंवा आपल्यातलाच कोणी नव्या कामावर बोलणार आणि बाकीचे ऐकणार. कागदावर बघितलं तर आपलं गेस्ट लेक्चरच. नियमही ओळखीचा, हजेरी सक्तीची, आणि प्रोफेसर स्वतः हजेरी घ्यायचे. पण त्याआधी एक पायरी होती. तिथे कोणालाही घुसता यायचं नाही. एरनफेस्टनी बोलावलं तरच जायचं, आणि एकदा बोलावलं की मग दांडी मारायची नाही. म्हणजे आपल्याकडे जी शिक्षा वाटते, तो तिथे मान होता.

खरा फरक लेक्चर सुरू झाल्यावर दिसायचा. पाहुणा कितीही मोठा असो, एरनफेस्टना एखादी पायरी कळली नाही की ते मध्येच थांबवायचे. अगदी बाळबोध वाटतील असे प्रश्न विचारायचे. सगळं गणित बाजूला ठेवा आणि मुद्दा नेमका कुठे आहे ते सांगा, असा त्यांचा हट्ट. जर्मनमध्ये त्यासाठी त्यांचा एक आवडता वाक्प्रचार होता, बेडूक पाण्यात उडी मारतो ती जागा. तासभराच्या लेक्चरमध्ये ती जागा एकच असते, बाकी सगळा काठावरचा चिखल. ती जागा सापडेपर्यंत ते पाहुण्याला सोडायचे नाहीत. आणि मग पाहुण्याने गुंतागुंतीचं करून ठेवलेलं ते दोन वाक्यांत असं मांडायचे की मागच्या बाकावरच्यालाही कळावं.

विचार करा, विभागाचा प्रमुख, लॉरेंट्झच्या खुर्चीवर बसलेला माणूस, भर सभेत मला कळलं नाही असं म्हणतोय. त्यानंतर पोरांना प्रश्न विचारायला कसली लाज?

पाहुणे तरी कोण कोण! आइनस्टाइन 1920 पासून लायडनचे खास प्रोफेसर होते, ते येऊन-जाऊन असायचे. बोर, डिरॅक, पाउली अशी मंडळी यायची. पाउलींची जीभ तिखट. पहिल्याच भेटीत एरनफेस्ट त्यांना म्हणाले की तुमच्यापेक्षा तुमचे पेपर मला जास्त आवडतात. पाउलींनी लगेच सुनावलं की माझं तुमच्याबाबतीत नेमकं उलटं आहे. पुढे दोघांची घट्ट मैत्री झाली. पाहुणे उतरायचे एरनफेस्टच्याच घरी. विटे रोझेनस्ट्राटवरचं हे घर तात्यानांनी स्वतः डिझाइन केलेलं. तिथल्या भिंतीवर पाहुण्यांनी सह्या करायच्या असा रिवाज होता. आपण हॉस्टेलच्या भिंतीवर काय काय लिहितो ते इथे न लिहिलेलं बरं.

पोरांचा प्रोफेसर

एरनफेस्ट एका वेळी मोजकेच विद्यार्थी घ्यायचे, पण घेतला की त्याच्याशी तासन्‌तास बोलायचे. कोणाला काय जमेल हे त्यांना अचूक कळायचं. गाउडस्मिट आणि उलेनबेक हे दोघे असेच. एकाला स्पेक्ट्रमच्या रेषा पाठ, दुसऱ्याचं थिअरीचं शिक्षण पक्कं. 1925 च्या उन्हाळ्यात एरनफेस्टनी त्यांना एकत्र बसवलं. त्यातून इलेक्ट्रॉनला स्वतःचा स्पिन असतो ही कल्पना निघाली. एरनफेस्टनी त्यांना छोटी टिपणी लिहायला सांगितली, आणि लॉरेंट्झनाही विचारून या म्हणाले. लॉरेंट्झनी गणित करून दाखवलं की असा इलेक्ट्रॉन फिरला तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त होईल. पोरं हादरली, धावत एरनफेस्टकडे आली की टिपणी परत द्या. पण टिपणी केव्हाच छापायला गेली होती! एरनफेस्टनी त्यांची समजूत घातली की तुम्ही अजून लहान आहात, एखादा मूर्खपणा तुम्हाला परवडतो. तो मूर्खपणा आज आपल्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे.

एन्रिको फर्मीची गोष्टही अशीच. उलेनबेक रोममध्ये शिकवणी करत होता, तेव्हा एरनफेस्टनी त्याच्याकरवी फर्मीला त्याच्या एका पेपरवर प्रश्न लिहून पाठवले. त्या प्रश्नांतून ओळख झाली आणि 1924 च्या शरद ऋतूत फर्मी लायडनला आला. आधी ग्योटिंगेनला तो एकटा पडून आत्मविश्वास गमावून बसला होता, तो त्याला लायडनला परत मिळाला. यान टिनबर्गेन हा विद्यार्थी फिजिक्सचा, पण ओढा अर्थशास्त्राकडे. एरनफेस्टनी त्याला हाकलून दिलं नाही, दोन्ही विषय जोडणारा प्रबंध करू दिला. 1969 साली अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल ज्या दोघांना मिळालं त्यांतला एक टिनबर्गेन.

जो प्रश्न कोणी विचारला नाही

इथवर वाचून वाटेल की केवढा सुखी माणूस! मलाही वाटलं होतं.

ज्याच्या घरी आइनस्टाइन आणि बोर खुर्च्या टाकून बसायचे, त्याला स्वतःला आपण कोणीच नाही असं वाटत होतं. क्वांटम मेकॅनिक्सवर 1927 सालचं एरनफेस्ट थिअरम त्यांच्या नावावर आहे. फेज ट्रान्झिशनचं फर्स्ट ऑर्डर, सेकंड ऑर्डर हे वर्गीकरण त्यांचं. तरीही त्यांची तुलना कायम आइनस्टाइन आणि बोर यांच्याशीच. नव्या पोरांचे गणिताने भरलेले पेपर वाचून त्यांना धाप लागायची, आपण मागे पडलो असं वाटायचं. 1932 साली त्यांनी एक पेपर छापला, त्यात शोध नव्हता, नुसते प्रश्न होते, क्वांटम मेकॅनिक्समधल्या त्यांना न कळलेल्या साध्या गोष्टींबद्दल. पाउलींनी पुढच्या वर्षी त्याला पेपर लिहून उत्तर दिलं, म्हणजे ते प्रश्न मोलाचे होते. पण एरनफेस्टच्या मनाला ते पटलं नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी आइनस्टाइन, बोर आणि इतर जवळच्या मित्रांना उद्देशून एक पत्र लिहिलं. आता माझ्याने होत नाही, जगण्याची ताकद उरलेली नाही, असं त्यात होतं. ते पत्र त्यांनी पोस्टात टाकलंच नाही. पुढे 1933 साल उजाडलं, जर्मनीत हिटलर आला. एरनफेस्ट नोकरी गेलेल्या ज्यू शास्त्रज्ञांना जागा मिळवून देण्यासाठी धडपडत होते. धाकटा मुलगा वासिक डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेला, त्याची काळजीही होती.

सप्टेंबर 1933 मध्ये ते बोर यांच्याकडे कोपनहेगनला परिषदेला गेले. नेहमीप्रमाणे प्रश्न विचारून त्यांनी परिषद जिवंत ठेवली. निघताना डिरॅकनी, जे सहसा तोंड उघडत नसत, त्यांना सांगितलं की तुमच्या प्रश्नांचा सगळ्यांना फार उपयोग झाला. एरनफेस्टचे डोळे भरून आले. जगण्याचं बळ संपलेल्या माणसासाठी हे शब्द फार मोठे आहेत, असं काहीतरी ते बोलले. डिरॅकना काय करावं ते सुचलं नाही. काही दिवसांनी, 25 सप्टेंबरला, ॲमस्टरडॅममध्ये एरनफेस्टनी आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाचा जीव घेतला आणि स्वतःचाही. वय 53.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही. त्या मुलाचा काय दोष, हा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये. आइनस्टाइननी पुढे त्यांच्यावर लिहिताना त्यांना मोठा शिक्षक म्हटलं, आणि स्वतःवरच्या अति कठोर टीकेने त्यांचा घास घेतला असंही सुचवलं. मला एकच गोष्ट खुपते. वीस वर्षं दर बुधवारी सगळ्यांना प्रश्न विचारणाऱ्या या माणसाला, तुझं काय चाललंय, बरा आहेस ना, हे खोदून विचारणारं कोणी वेळेवर भेटलं असतं तर? आणि डिरॅक बोलले ते दहा वर्षं आधी, दहा जणांनी बोलून दाखवलं असतं तर?

लायडनचा कलोक्वियम थांबला नाही. 1934 साली त्यांचाच विद्यार्थी क्रामर्स त्यांच्या जागेवर आला. आजही ती बुधवार संध्याकाळ त्यांच्याच नावाने भरते.

आता आपलं सांगतो. गेल्या वर्षी आमच्या विंगमधला एक जण तीन केट्या लागल्यावर मेसला यायचा बंद झाला. दार लोटून पडलेला असायचा. आम्ही समजलो अभ्यास करतोय. एके दिवशी वडील येऊन त्याची ट्रंक घेऊन गेले, तेव्हा आम्हाला कळलं. आम्ही बारा जण होतो त्या विंगमध्ये. विचारलं कोणीच नाही. आता तो घरी आहे, बरा आहे, मी अधूनमधून फोन करतो.

या सेमिस्टरच्या गेस्ट लेक्चरला मी हात पूर्ण वर केला. प्रश्न तसा साधाच होता, दोघं-तिघं हसलेही. पण पाहुणे थांबले, म्हणाले की हे सांगायचं राहूनच गेलं, आणि परत फळ्याकडे वळले. मग मागून आणखी दोन हात वर आले. त्या दिवशी चहा गार झाला आणि माझी एस.टी. चुकली.

तेव्हा दोस्तहो, दोन ठिकाणी विचारायला लाजू नका. हॉलमध्ये, मला कळलं नाही म्हणून. आणि रात्री शेजारच्या रूमचं दार ढकलून, जेवलास का म्हणून. तो नाही म्हणाला तर तिथेच बसा. आणि दार लोटून पडलेले तुम्ही स्वतः असाल, तर पत्र खिशात ठेवू नका. पार्टनरला सांगा, रेक्टर सरांना सांगा, घरी फोन करा. ऐकायला कोणीतरी आहे.